परक्याच्या प्रार्थनेतला पाहुणा

(अनसिंग येथील व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



बाहेरचा फलक वाचून मघाशी एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला विचारले, “साहेब, मॉर्मन आणि अनसिंग यांचा संबंध काय?” प्रश्न रास्त आहे. संबंध एवढाच की, आपल्या जिल्ह्यातील मुले-मुली आता अमेरिकेत संसार मांडून बसली आहेत. माझी पुतणी तेथील युटा राज्यात राहते. तिचे शेजारी मॉर्मन. त्यांनी तिला रविवारच्या प्रार्थनेला बोलावले आणि तिने मला दूरध्वनीवर विचारले, “काका, जाऊ का?” मला तत्काळ उत्तर देता आले नाही. त्यामागे मीच एकेकाळी छापलेली एक बातमी आहे. ती शेवटी सांगतो.

परक्या धर्माच्या अंगणात पाहुणा म्हणून जाण्याचा प्रश्न महाराष्ट्राने पूर्वी एकदा फार कडू रीतीने सोडवला आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील चाळीस-पन्नास प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाच्या निमित्ताने गेली. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते, गोखले होते. ही मंडळी जमवणारे गृहस्थ म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी. पुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. नंतर उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात झळकली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली आणि प्रायश्चित्तांचा वाद वर्ष-दोन वर्षे पुणे ढवळत राहिला.

एका पत्रकाराच्या नजरेने या प्रकरणाकडे पाहा. कोणी चहा घेतला हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते; परंतु त्या संध्याकाळी तेथे काय बोलले गेले, हे या सभागृहात कोणी सांगू शकेल काय? बातमी पेल्याची झाली, विचाराची झाली नाही.

योगायोग असा की, त्याच ऑक्टोबर महिन्यात तिकडे मॉर्मन पंथाने आपल्या सभेत बहुपत्नीत्व सोडण्याच्या जाहीरनाम्याला मान्यता दिली. हा पंथ जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापला. छळ झाला, संस्थापकाची हत्या झाली आणि १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग अनुयायांना घेऊन युटाच्या वैराण खोऱ्यात गेला. बायबलखेरीज ‘मॉर्मनचा ग्रंथ’ हे त्यांचे धर्मशास्त्र. (‘मॉर्मन’ हे नाव आता त्यांना स्वतःला नको आहे, त्यांच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये तसे आवाहन केले. आपल्याकडे दुसरे नाव रुळलेले नाही म्हणून मी वापरतो.) इतर ख्रिस्ती पंथ त्यांना आपले मानायला कचरतात. ज्या शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत १८९३ मध्ये स्वामी विवेकानंदांनी सभा जिंकली, तेथे मॉर्मनांना मुख्य सभागृहात बोलू दिले गेले नाही. त्यांचे प्रतिनिधी बी. एच. रॉबर्ट्स यांना बाजूची एक खोली देऊ केली गेली. ती त्यांनी नाकारली. दूरवरच्या संन्याशाचे स्वागत करणारी परिषद घरच्याच एका पंथाला मात्र बिचकली!

त्यांच्याकडे पत्रकार आणि प्रवासी मात्र प्रथमपासून गेले. होरेस ग्रीली हा न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’चा संपादक १८५९ मध्ये तेथे गेला, ब्रिगहॅम यंगला समोर बसवून प्रश्न विचारले आणि उत्तरे छापली. आधुनिक मुलाखतीचा हा आरंभीचा नमुना मानतात. पुढच्याच वर्षी रिचर्ड बर्टन गेला. हा कंपनीच्या मुंबई फौजेत राहून सिंध आणि गोवे पाहिलेला मनुष्य. तीनेक आठवडे राहिला, त्यांच्या सभांना बसला आणि मग ग्रंथ लिहिला. मार्क ट्वेनचा मुक्काम जेमतेम दोन दिवसांचा. त्याने विनोदच विनोद केला. वाचायला ट्वेन गमतीचा. पण मॉर्मन माणूस कसा होता हे जाणून घ्यायचे असेल तर बर्टनकडेच जावे लागते.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे. १९०१ मध्ये ते युनिटेरियन शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. दोन वर्षे त्यांच्यात राहिले, त्यांच्या उपासना पाहिल्या आणि प्रार्थना समाजाच्या ‘सुबोध पत्रिके’ला तेथून पत्रे पाठवत राहिले. ते ख्रिस्ती होऊन परतले नाहीत. परतले आणि १९०६ मध्ये अस्पृश्यवर्गासाठी मिशन काढले. ‘मिशन’ हा शब्दसुद्धा त्यांनी बिनदिक्कत उचलला!

असो. पुतणीला मी अखेर सांगितले, “जा, पण आपण कोण हे आधी सांगून जा.” पुढे मीही तिच्याकडे गेलो तेव्हा एका रविवारी त्या सभेला बसलो. पाटीवरच लिहिलेले असते, पाहुण्यांचे स्वागत आहे. आत क्रूस नव्हता. पगारी धर्मगुरू नव्हता. एक गृहिणी आणि एक विद्यार्थी असे आलटून पालटून बोलले. लहान मुले मनसोक्त रडत होती आणि कोणी डोळे वटारत नव्हते. बारा-तेरा वर्षांची पोरे पावाचे तुकडे आणि पाणी तबकांतून फिरवत होती. मद्य त्यांना वर्ज्य. तबक माझ्यापुढे आले. मी ते तसेच शेजाऱ्याच्या हाती दिले. कोणाच्याही कपाळावर आठी उमटली नाही. दानपेटी फिरली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दोन वेळचे जेवण सोडतात आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी देतात, असे शेजारच्या आजोबांनी सांगितले. चहा-कॉफीही त्यांना निषिद्ध. तेव्हा पंचहौदाची पुनरावृत्ती होण्याची भीती मुळातच नव्हती!

सभागृह सर्वांना खुले, त्यांची मंदिरे मात्र तशी नाहीत. मंदिर बांधून झाले की काही दिवस कोणीही पाहून यावे. एकदा अर्पणविधी झाला की अधिकारपत्र असलेल्या सभासदांनाच प्रवेश. काही पत्रकार या बंद दारावर फार चिडतात. आपल्या गर्भगृहालाही उंबरठा असतो. आपण तरी चिडू नये. बंगळूरला असे मंदिर उभारण्याची घोषणा २०१८ मध्ये झालेली आहे.

परंतु पाहुण्याने तोंड शिवून बसावे असे मी म्हणत नाही. मृतांच्या नावाने जिवंत माणसाला बाप्तिस्मा देण्याचा विधी या मंदिरांत होतो. नाझींनी मारलेल्या ज्यूंची नावे त्यात आली, तेव्हा ज्यू संघटनांनी हरकत घेतली आणि १९९५ मध्ये समझोता झाला. महात्मा गांधींच्या नावानेही असा विधी झाल्याच्या बातम्या २०१२ मध्ये आल्या. परलोकातील आत्मा तो स्वीकारू वा नाकारू शकतो, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. ज्याने आयुष्यभर आपला धर्म सोडला नाही, त्याला मेल्यावर विचारायला जाणे ही आगळीक आहे, आणि त्या आजोबांनाही मी हे तोंडावर सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर निरोप देताना त्यांनी आपला ग्रंथ हातात ठेवला. मी घेतला, वाचलाही.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. त्याच युटात स्पॅनिश फोर्क येथे राधाकृष्णाचे मंदिर आहे. तेथील रंगोत्सवाला हजारो तरुण येतात, त्यांत मोठा भरणा मॉर्मन विद्यार्थ्यांचा. गुलाल उधळतात, हरिनामावर नाचतात आणि रविवारी आपल्या सभेला जातात. त्यांना कोणी धर्मबुडवे म्हटल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आता ती बातमी. नव्वदच्या दशकात मी नवखा वार्ताहर होतो. एका गावी ख्रिस्ती प्रार्थनासभा भरल्याचे कळले. मी गेलो, पण आत गेलो नाही. मंडपाबाहेर बाभळीखाली उभा राहून गावातील कोण कोण आत शिरले ती नावे टिपली आणि दुसऱ्या दिवशी छापली. सात नावे होती. चार दिवस माझी पाठ थोपटली गेली. त्यांतल्या एका बाईंना विहिरीवर पाणी भरू देईनासे झाले, हे मला वर्षभराने कळले.

गेल्या वर्षी मी त्यांच्या घरी गेलो. सारे सांगितले, हात जोडले. त्या चुलीपाशी बसल्या होत्या. मी विचारले, “ताई, त्या दिवशी मंडपात काय सांगत होते हो?” इतक्या वर्षांत हा प्रश्न मी प्रथमच विचारत होतो.

त्या म्हणाल्या, “भाऊ, काय सांगतलं ते मले काही ध्यानात नाही. माहं पोरगं आठ दिवस तापानं फणफणत होतं. त्याचं नाव इचारलं त्याईनं. गावात दुसरं कोणीच इचारलं नोतं.”

मग त्यांनी चहा ठेवला.