खांदा बदलताना



अकोल्यात जन्मलेल्या माणसाला श्रावणातला शेवटचा सोमवार समजावून सांगावा लागत नाही. गांधीग्रामला पूर्णेच्या पात्रात रात्री कावडी भरतात आणि तिथून सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी चालत ते पाणी राजराजेश्वराच्या अभिषेकासाठी शहरात येतं. माझे बाबा तरुणपणी दरवर्षी कावडीला असायचे. खांद्यावर घडी करून ठेवायचा त्यांचा भगवा दुपट्टा आमच्या घरी अजून आहे. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "बाबा, खांदा दुखत नाही?" ते म्हणाले, "दुखायच्या आत बदलतो." मग त्यांनी ते करून दाखवलं. नवा गडी मागून येतो, बांबूखाली आपला खांदा लावतो, वजन अंगावर आलं की म्हणतो, "घेतलं!" तो शब्द ऐकल्याशिवाय पहिल्यानं निघायचं नाही. आणि ऐकल्यावर थांबायचंही नाही, कारण मग दोघांचे पाय एकमेकांत अडकतात.

यातला दुसरा भाग मला कळायला चाळिशी उलटावी लागली.

मी अमरावतीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहाचा. घरी सासूबाई, नवऱ्याची फिरतीची नोकरी. मागच्या डिसेंबरात आम्ही सहा जणींनी अमरावती ते अकोला अशी दौड केली, पाळीपाळीनं. कुणी भरवलेली स्पर्धा नव्हती. आमची आम्हीच ठरवली. अंबादेवीच्या देवळापासून राजराजेश्वरापर्यंत साधारण पंचाण्णव किलोमीटर, प्रत्येकीला दोन पाळ्या, एका पाळीत आठेक किलोमीटर. सहा जणींत मिळून अकरा मुलं आणि चार सासवा. एक परिचारिका, एक बँकेत, एक शिवणकाम करणारी, आम्ही तिघी शिक्षिका.

धावायला लागण्याआधी आमच्या परिचारिका मैत्रिणीनं सगळ्यांना रक्त तपासायला लावलं, आणि ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. माझं हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं. जिना चढताना लागणारी धाप मी वयावर आणि कामावर ढकलत आले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे शंभर जणींच्या रांगेत निम्म्याहून जास्त. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत असं बजावलं, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. चार महिने मी फक्त चालले. ऐकणाऱ्या बायांनो, बूट नंतर घ्या, आधी ही तपासणी करा. सरकारी दवाखान्यात होते.

मग सरावाला लागलो. अमरावतीत व्यायामाची कुणाला लाज वाटत नाही, हे मोठं भाग्य आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली इथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात केली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच मंडळाच्या पथकानं तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवले. ग्रीसमधल्या ऑलिंपियाहून मशाल हातोहात धावत आणायची पद्धतही त्याच ऑलिंपिकला सुरू झाली. तीन हजारांहून जास्त धावपटूंनी ती बर्लिनला पोहोचवली. हिटलरच्या राजवटीनं ते आपल्या दिमाखासाठी घडवून आणलं, हे विसरू नये. पण हातोहात पोहोचवणं ही गोष्ट त्या राजवटीहून कितीतरी जुनी आहे. आपल्याकडे जासूद पत्रं घेऊन धावत होतेच. जपानमध्ये १९१७ साली क्योतोहून टोकियोपर्यंत ५०८ किलोमीटरची अशी दौड झाली आणि तिथे आजही दांडीऐवजी अंगावरचा पट्टा पुढच्याला देतात. ते वाचलं आणि मी अकोल्याहून बाबांचा दुपट्टा मागवला.

डिसेंबरातल्या पहाटे साडेतीनला निघालो. मागे एका मैत्रिणीच्या भावाची गाडी, दिवे लावलेली. अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटं, आणि पळायचं ते रस्त्याच्या अगदी कडेनं. माझी पाळी चौथी, लोणीच्या पुढे, उजाडताना. तुरी शेंगांनी वाकलेल्या होत्या. वेचणीला निघालेल्या बायांपैकी एक जण ओरडली, "कोठी पळून राहिल्या वं एवढ्या सकाळी?" मी म्हटलं, "अकोल्याले!" ती खळखळून हसली आणि दोन-चार पावलं माझ्याबरोबर धावली.

हा रस्ता तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. जून २०२२ मध्ये इथेच लोणीपासून मान्यापर्यंत एका मार्गिकेचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, गिनीज बुकात नोंद झाली. जूनचा तो उकाडा, आणि सातशेवर माणसं रात्रंदिवस पाळ्यांमध्ये राबत होती. एक थकायचा तेव्हा दुसरा यायचा, काम थांबत नव्हतं. पायाखालचा तो सलग रस्ता पाहून मला त्या अनोळखी कामगारांबद्दल फार कृतज्ञता वाटली.

आठ किलोमीटर संपले. पुढची मैत्रीण उभी होती. मी दुपट्टा काढला, तिच्या खांद्यावरून कमरेशी गाठ मारली. ती म्हणाली, "घेतलं." आणि मी थांबलेच नाही. तिच्याबरोबर धावत राहिले. पुढे चढ आहे, पाणी लवकर पी, ट्रक आला की बाजूला हो. दोन-तीनशे मीटर. शेवटी ती म्हणाली, "ताई, मला धावू द्या ना." त्या जादा पळण्यानं माझी पिंढरी धरली. गाडीत बसल्यावर मी फोन काढला आणि मूर्तिजापूर येईपर्यंत घरी पाच वेळा लावला. छोट्याचा डबा, मुलीची वही, गॅसचा खटका. निघण्याआधी मी दोन पानांची यादी फ्रिजवर लावून आले होते. पाचव्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "अवं, मी तीन लेकरं वाढवले. तू पळ बिनघोर. मी आहो न घरी."

फोन मी परिचारिका मैत्रिणीच्या हातात दिला. तिनं तो पिशवीत टाकला.

माझी मुलगी शाळेच्या रिले संघात आहे. तिनंच मला एकदा सांगितलं होतं की चार गुणिले शंभरच्या शर्यतीत घेणारी मागे पाहत नाही, हात मागे करते आणि दांडी येणार हे धरून पळत सुटते. देणारीनं बरोबर ठेवायची, घेणारीनं विश्वास ठेवायचा. चार गुणिले चारशेमध्ये मात्र वळून पाहते, कारण येणारी थकलेली असते, तिच्या हाताचा नेम राहत नाही. मला वाटतं, घरोघरी आपण आया दोन्ही बाजूंना असतो. द्यायलाही आपणच आणि घ्यायलाही आपणच, सकाळपासून रात्रीपर्यंत. दुसरा कुणी हात पुढे करतो तेव्हा त्याच्यावर आपला भरवसा बसत नाही. हे मी माझ्याबद्दल सांगते आहे, आणि आमच्या सहाही जणींनी गाडीत हेच कबूल केलं.

दुसरी पाळी काटेपूर्णेच्या पुलाजवळ, कुरणखेडला, दुपारी एकच्या पुढे. डिसेंबर असला तरी वऱ्हाडचं ऊन. दुपट्टा माझ्याकडे आला तेव्हा पाच जणींच्या घामानं जड झाला होता आणि मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. गाठ ओली असल्यानं सुटेना, दातांनी सोडवली. तोंडाला खारट चव लागली. मी म्हटलं, "घेतलं," आणि निघाले. बोरगाव मंजूपर्यंत मला घर आठवलं नाही. खरंच आठवलं नाही. श्वास, बुटांचा आवाज, डाव्या हाताला कपाशी. इतकी वर्षं माझ्या डोक्यात एकाच वेळी चार गोष्टी चालू असतात. त्या तासाभरात एकच होती. पुढच्या मैत्रिणीला दुपट्टा दिला, तिचा शब्द ऐकला आणि जागच्या जागी उभी राहिले. ती लहान होत जाताना पाहिली. रडू आलं, ते दुखण्याचं नव्हतं.

राजराजेश्वराला पोहोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. शेवटचा अर्धा किलोमीटर सहाही जणी बरोबर. बाबा पायऱ्यांशी उभे होते, काठी टेकून. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी दुपट्टा हातात घेतला, दोन्ही टोकं जुळवली, कावडीसाठी करायचे तशी आडवी घडी केली. आई म्हणाली, "धुवायला टाका तो." बाबांनी दिला नाही. घडी माझ्या खांद्यावर ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या खेपेले लागन. घेऊन जाय."

रात्रीच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरले. घरी पोहोचले तेव्हा मुलं झोपली होती. फ्रिजवरची यादी सासूबाईंनी काढली होती, आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर छोट्यानं सहा बायका आणि एक लांब रस्ता काढला होता.