वायदा आणि विलंब

शिंपी आणि सोनार यांचे वायदे हा आपल्याकडे फार जुना विनोदाचा विषय आहे. 'परवा या' म्हणून सांगणाऱ्या शिंप्याकडे परवा जावे, तो कापडाला अजून कात्रीही लागलेली नसते. या विलंबाचे एक बरे असते. त्याचे कारण आपल्याला कळते. काम हातीच घेतलेले नसते, किंवा आपल्या आधी दुसऱ्या कोणाच्या घरचे लग्न उभे राहिलेले असते. परंतु गेल्या साठ वर्षांत विलंबाचा एक निराळाच प्रकार जगापुढे आला आहे. येथे काम वेळेवर सुरू होते, बुद्धिमान माणसे रात्रंदिवस खपतात, पैशाला तोटा नसतो, आणि तरीही ठरलेला दिवस उजाडतो तेव्हा वस्तू तयार नसते. संगणकाची नवी ऑपरेटिंग सिस्टिम बाहेर पडावयास जो विलंब लागतो, तो या प्रकारचा ठळक नमुना होय. त्याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे प्रथम पाहू. संगणकाच्या यंत्राला स्वतःची अशी समज नसते. त्याच्या स्मृतीतील जागा कोणाला किती द्यावयाची, चार कामे एकदम पुढे आली तर आधी कोणते घ्यावयाचे, कळफलकावर दाबलेले अक्षर कोठे पोचवावयाचे, छपाईच्या यंत्राला केव्हा हाक मारावयाची, हे सर्व पाहणारी जी मूळ प्रणाली तिला हे नाव आहे. लग्नघरात एखादे वडीलधारे गृहस्थ असतात. ते स्वयंपाक करीत नाहीत, मांडव घालीत नाहीत, सनईही वाजवीत नाहीत. पण आचारी, मांडववाले आणि वाजंत्री यांपैकी कोणाचेही पाऊल त्यांना विचारल्यावाचून पुढे पडत नाही. सर्व सुरळीत चालले असता त्यांची कोणाला आठवणही होत नाही. या प्रणालीचे स्थान तसेच आहे, आणि तिची अडचणही त्याच जातीची आहे. तिचा संबंध प्रत्येकाशी, म्हणून प्रत्येकाचा घोटाळा अखेर तिच्याच पदरी येतो.

या विलंबाचा पहिला मोठा इतिहास अमेरिकेत घडला. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएम कंपनीने 'सिस्टिम/३६०' या नव्या संगणक-मालिकेची घोषणा केली. तोपर्यंत एका जातीच्या यंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञावल्या सहसा दुसऱ्या जातीच्या यंत्रावर चालत नसत. गिऱ्हाइकाने मोठे यंत्र घेतले की सारा प्रपंच पुन्हा नव्याने मांडावा लागे. नव्या मालिकेतील लहानमोठी यंत्रे एकच भाषा समजणार होती. कल्पना भव्य होती. १९६५ साली यंत्रे कारखान्याबाहेर पडूही लागली. मागे राहिली ती त्यांचा कारभार पाहावयाची प्रणाली, 'ओएस/३६०'. तिची धुरा फ्रेडरिक ब्रुक्स यांच्याकडे होती. काम ऐन भरात असताना एक हजाराहून अधिक माणसे त्यात गुंतली होती, आणि १९६३ ते १९६६ या काळात बहुधा पाच हजार मनुष्य-वर्षे त्यात खर्ची पडली, असा अंदाज पुढे ब्रुक्स यांनीच नोंदवून ठेवला आहे. १९६६ साली पहिली आवृत्ती हाती आली, तीही उणी. अनेक कामे एकाच वेळी सांभाळण्याचे जे आश्वासन होते, ते पुरे व्हावयास आणखी काळ लोटला.

असे का व्हावे? आपण सर्वांनी शाळेत काळ-काम-वेगाची गणिते सोडविली आहेत. दहा माणसे एक काम बारा महिन्यांत करतात, तर वीस माणसे ते किती महिन्यांत करतील? उत्तर तयारच असते: सहा. भातकापणीला हे गणित लागू पडते, कारण एका खाचरातील कापणाऱ्याला दुसऱ्या खाचरातील कापणाऱ्याशी बोलण्याची गरज पडत नाही. परंतु ज्या कामात एकाने लिहिलेली प्रत्येक ओळ दुसऱ्याच्या ओळीवर विसंबून असते, तेथे माणसागणिक बोलणे वाढते. दहा माणसांत दोघादोघांच्या जोड्या ४५ होतात, वीस माणसांत १९०, आणि शंभर माणसांत ४९५०. माणसे दहापट झाली, तर समजुतींचे धागे एकशेदहापट झाले. शिवाय नव्या माणसाला काम समजावून देणारा जुन्यांपैकीच असावा लागतो. म्हणजे जो हात चालत होता तोही थांबतो. यास्तव मागे पडलेल्या अशा कामावर आणखी माणसे घातली तर ते अधिकच मागे पडते, असा नियम ब्रुक्स यांनी १९७५ साली आपल्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात मांडला. यंत्रे बनविण्यापेक्षा आज्ञावली लिहून घेणे इतके अवघड का, असा प्रश्न आयबीएमचे प्रमुख धाकटे थॉमस वॉटसन यांनी त्यांना विचारला होता. त्याला उशिरा दिलेले उत्तर असे ब्रुक्स यांनी त्या पुस्तकाचे वर्णन केले आहे.

याला आणखी एक कारण जोडले पाहिजे. इमारत मागे पडली तर येणाजाणाऱ्याला भिंत किती उंच झाली ते दिसते. आज्ञावलीची भिंत दिसत नाही. प्रत्येक गट आपापला भाग जवळजवळ झाला म्हणून कळवितो, आणि ते खोटेही नसते. दोष उघडे पडतात ते भाग एकत्र जोडल्यावर, आणि जोडणीची पाळी येते अगदी शेवटी. म्हणून ज्या विलंबाचे बीज पहिल्या वर्षी पडले, तो डोळ्यांना दिसतो वायद्याच्या आदल्या महिन्यात. वरिष्ठांना तोवर सारे ठीकच वाटत असते. १९६८ च्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या आश्रयाखाली या विषयावर परिषद भरली, तीत 'सॉफ्टवेअरवरील संकट' हा शब्दप्रयोग गंभीरपणे चर्चिला गेला. अडचण कोणा एका कंपनीची नव्हती, हे तेव्हाच जाणत्यांनी ओळखले होते.

दरम्यान ज्यांच्या दारी यंत्रे येऊन पडली होती त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी आयबीएमने लहान, साधी अशी 'डॉस/३६०' ही प्रणाली तात्पुरती सोय म्हणून दिली. गंमत अशी, की या तात्पुरत्या सोयीनेच मूळ धरले. तिची वंशवेल नवनवी नावे धारण करीत अनेक दशके गिऱ्हाइकांच्या सेवेत राहिली. मोठ्या वायद्याची वाट पाहणाऱ्याला पुष्कळदा लहानशी पण हातात असलेली वस्तूच पुरेशी असते, हे त्यावरून दिसून आले.

इतका धडा मिळाल्यावर पुढील पिढी शहाणी व्हावी, अशी अपेक्षा कोणीही करील. तसे झाले नाही. मायक्रोसॉफ्टची 'विंडोज एक्सपी' २५ ऑक्टोबर २००१ रोजी विक्रीस आली. तिच्यानंतरची 'लाँगहॉर्न' या टोपणनावाची आवृत्ती प्रथम दोनएक वर्षांत यावयाची होती. परंतु उशीर होऊ लागला की मनात एक मोह उत्पन्न होतो. लग्न पुढे ढकलले की पाहुण्यांची यादी वाढते, तसे येथे झाले. एवीतेवी उशीर झालाच आहे, तर ही सोय घालू, तीही घालू, असे म्हणता म्हणता ओझे वाढत गेले. त्यातच २००३ च्या ऑगस्टमध्ये 'ब्लास्टर' नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने जगभरच्या विंडोज संगणकांना ग्रासले, आणि चालू आवृत्तीची सुरक्षितता हे काम आधी हाती घेणे भाग पडले. अखेर २००४ च्या ऑगस्टमध्ये माहिती साठविण्याची 'विनएफएस' ही गाजावाजा झालेली योजना लाँगहॉर्नमधून वगळल्याचे कंपनीने जाहीर केले. एवढेच नव्हे, तर झालेले पुष्कळसे काम बाजूला सारून अधिक स्थिर अशा दुसऱ्या पायावर पुन्हा आरंभ केला. 'व्हिस्टा' हे नाव घेऊन ती प्रणाली सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती पडली ३० जानेवारी २००७ रोजी, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळाने. २००६ च्या नाताळची विक्री हुकली, आणि नव्या प्रणालीच्या भरवशावर संगणक बनवून विकणाऱ्यांना तो हंगाम जुन्या प्रणालीवरच काढावा लागला.

आणि एवढ्या प्रतीक्षेनंतरही सर्वांचे समाधान झाले नाही. लोकांची छपाईची व अन्य उपकरणे नव्या प्रणालीशी जोडणारे ड्रायव्हर पुष्कळ ठिकाणी तयार नव्हते. बेताच्या यंत्रांना तिचा भार पेलवेना. विलंब म्हणजे गुणवत्तेची किंमत, ती मोजली की माल चांगला मिळणारच, ही समजूत व्हिस्टाने खोटी ठरविली. उशीर कशासाठी केला, यावर फळ अवलंबून असते.

ॲपलची कथा याहून निराळी आहे. 'कोपलंड' या टोपणनावाने तेथे चाललेली प्रणाली इतकी लांबली, की १९९६ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने ती सोडूनच दिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये स्टीव्ह जॉब्स यांची 'नेक्स्ट' ही कंपनी विकत घेण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि तिच्या पायावर उभारलेली 'मॅक ओएस टेन' ही प्रणाली २४ मार्च २००१ रोजी बाहेर आली. आपण चुकीच्या वाटेने चाललो आहो हे कबूल करणे कष्टाचे खरे, पण येथे त्या कबुलीनेच कंपनी तरली.

श्रोतेहो, हे सारे दूरदेशीच्या कंपन्यांचे व्यवहार. त्यांच्याशी आपला काय संबंध, असे कोणाच्या मनात येईल. संबंध आहे, आणि तो आपल्या लिपीपर्यंत येऊन भिडतो. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना त्याच्या आधी उभी राहते. रफाराचा उच्चार आधी होतो, पण तो बसतो पुढील अक्षराच्या माथ्यावर. जोडाक्षरांचा थाट तर विचारूच नये. ही मांडामांड संगणकाच्या मूळ प्रणालीला येत नसेल, तर वरची आज्ञावली कितीही चतुर असो, तिला जागोजागी उसनवारी करावी लागते. पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थांनी भारतीय लिपींसाठी पूर्वीच मोलाचे काम केले होते. तरीही निरनिराळ्या टंकांचे निरनिराळे संकेत चालत, आणि एका कचेरीत लिहिलेला मजकूर दुसऱ्या कचेरीत उघडला की त्याचा कालवा होई. विंडोजच्या मूळ प्रणालीतच युनिकोड संकेताची देवनागरी आली ती 'विंडोज २०००' या आवृत्तीबरोबर. तिच्यासोबत आलेल्या 'मंगल' या टंकाचे आरेखन रघुनाथ कृष्ण जोशी या मराठी सुलेखनकाराचे. या आवृत्तीचे आधीचे नाव 'विंडोज एनटी ५.०'. तिची पहिली चाचणी-प्रत सप्टेंबर १९९७ मधली, आणि विक्री सुरू झाली १७ फेब्रुवारी २००० रोजी. इंग्रजीत लिहिणाऱ्यांचे त्या अवधीत फारसे अडले नाही. त्यांना नवी प्रणाली म्हणजे अधिक सोय. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या भाषांना मात्र त्या पानांत आपली अक्षरे प्रथमच नीट उमटावयाची होती. विलंबाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्याजवळ पर्याय कमी, त्याच्यावर तो अधिक पडतो.

मग अशा विलंबाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे? जे पूर्वी कोणी केलेले नाही, त्याला किती दिवस लागतील हे करणाऱ्यालाही आधी ठाऊक नसते. असा अज्ञानातून आलेला विलंब क्षम्य मानला पाहिजे. हव्यासातून आलेला विलंब क्षम्य नसला तरी समजण्यासारखा आहे. परंतु विलंब ठाऊक असूनही तो झाकून ठेवणे, ही मात्र फसवणूक होय. कारण त्या तारखेवर भरवसा ठेवून कोणी यंत्रे मागविलेली असतात, कोणी माणसे नेमलेली असतात, कोणी जुनी व्यवस्था मोडलेली असते.

यासंबंधी एक छोटे उदाहरण मला बोधप्रद वाटते. 'उबुंटू' नावाची एक मुक्त प्रणाली २००४ च्या ऑक्टोबरपासून दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबर या महिन्यांत, प्रसिद्ध होत आली आहे. जे त्या वेळेपर्यंत तयार होईल ते घ्यावयाचे, उरलेले पुढच्या खेपेस, हा तिचा रिवाज. प्रत्येक आवृत्तीचा क्रमांकही वर्ष आणि महिना यांवरूनच पडतो. २००६ च्या एप्रिलमधील आवृत्ती दीर्घकाळ वापरली जावयाची होती. ती घासूनपुसून नीट करण्यास सहा आठवडे अधिक हवेत, असे तिच्या कर्त्यांनी मार्चमध्येच उघडपणे सांगितले, आणि ती जूनमध्ये दिली. तिचा क्रमांक ६.०४ व्हावयाचा होता, तो ६.०६ झाला. पुढे एप्रिल आणि ऑक्टोबर यांचा क्रम पूर्ववत चालू झाला, पण तो क्रमांक कोणी बदलला नाही. झालेला उशीर त्या आवृत्तीने आपल्या नावावरच नोंदवून ठेवला आहे. वायदा पाळणे सर्वांना नेहमी साधेल असे नाही. तो चुकणार असे कळताच ज्याचे काम अडणार आहे त्याला वेळीच सांगणे, एवढे तरी प्रत्येकाच्या हाती असते.