मातीत मुरलेला रोग

मेलेली वस्तू मातीत पुरली की तिची माती होते, हे आपण उकिरड्यावर दर वर्षी पाहतो. पण एक विष असं आहे की ते या नियमाला सहजासहजी जुमानत नाही.

त्याचं नाव प्रायॉन. हा जंतू नव्हे. शरीरातलंच एक प्रथिन, फक्त त्याची घडी चुकलेली. शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही ते बिघडवत जातं आणि जनावराच्या मेंदूची चाळण होते. मेंढ्यांचा स्क्रेपी, हरणांचा झुरणीचा रोग, ही त्याचीच कामं. औषध नाही. लाळेतून, मलमूत्रातून, कलेवरातून ते जमिनीत उतरतं. आइसलँडात रोगी कळप मारून, वाडे रिकामे ठेवून नव्या मेंढ्या आणल्या, तरी काही ठिकाणी रोग परतला. एका वाड्यात तो निदान १६ वर्षं टिकून असावा, असं तिथल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं ते टिकतं कसं? तर चिकणमातीला चिकटून. आपली काळी जमीन पावसात फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते, ती ज्या जातीच्या चिकणमातीमुळे, तिलाच प्रायॉन घट्ट धरून बसतं. हॅमस्टर उंदरांना अशा मातीसकट ते चारलं, तेव्हा नुसत्यापेक्षा शेकडो पट जास्त बाधलं.

तरी जमीन अगदीच स्वस्थ बसत नाही. रोगी मेंदू ३ वर्षं पुरून ठेवला, तेव्हा विषाचा बहुतेक जोर ओसरला, थोडा उरलाच. कुजलेल्या पाल्यापासून होणारी काळी द्रव्यं, मँगनीजची काही खनिजं, मातीचं पुन्हा पुन्हा भिजणं-सुकणं यांनी प्रायॉन झिजतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. आणि दगडफूल! आपल्या गोड्या मसाल्यातलं नव्हे, पण त्याच्याच गोतातलं. अशा तीन जातींच्या अर्कानं प्रायॉन तुटतं, हे २०११ साली अमेरिकेत आढळलं.

गंमत बघा, त्या तिघांपैकी एक जात म्हणजे रेनडियरचा हिवाळ्यातला चारा. तो खाऊन रेनडियर वाचतात, असं मात्र समजू नका. नॉर्वेत २०१६ साली रानटी रेनडियरात हा रोग सापडला. २०१८ पर्यंत दोन हजारांवर जनावरांचा अख्खा कळप मारावा लागला, आणि पुढे काही वर्षं ते रान रिकामं ठेवलं. जनावरं मीठ चाटायला जिथे जमत, तिथली माती सर्वांत धोक्याची, म्हणून त्या जागांना कुंपणं घातली.