मूळ धरतं ते कुणाच्या हाताने?

(देवरूख येथे भातशेती करणाऱ्या बायकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



लावणीला अजून अवकाश आहे. एकदा पाऊस लागला की आपल्याला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून आजच बोलून घेऊ. मी बोलणार आहे भाताच्या मुळांविषयी. बायकांच्या सभेत हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण आपल्या संगमेश्वर तालुक्यात बहुतेक घरांत नांगर आणि चिखलणी पुरुषांकडे असते. तरवा काढणं, लावणी आणि बेणणी बायकांकडे. रोपाचं मूळ मातीत बसवणारी बोटं आपली आहेत.

दाणा रुजला की आधी एक मूळ खाली जातं. ते थोड्याच दिवसांचं. मग बुंध्याशी जी जवळजवळ पेरं असतात, त्यांतून तंतूसारखी मुळं फुटतात. वांग्या-मिरचीसारखं सोटमूळ भाताला नसतं. ही बुंध्याची मुळंच पीक पोसतात. पुढे प्रत्येक फुटवा स्वतःची मुळं काढतो. मुळांचा बहुतेक पसारा वरच्या वीतभर मातीतच राहतो.

तरवा उपटताना मुळं तुटतात. लावल्यावर काही दिवस रोप मलूल दिसतं, आपण म्हणतो, अजून धरलं नाही. त्या दिवसांत ते नवी पांढरी मुळं काढत असतं. रोप खोल खुपसलं तर बुंधा चिखलात गाडला जातो आणि फुटवे उशिरा येतात. म्हणून लावणी दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढीच खोल करावी. एका चुडात दोन-तीन रोपं पुरतात. जास्त कोंबली तर त्यांची मुळं तेवढ्याच मातीसाठी आपसात भांडतात.

पाणी साचलेल्या चिखलात हवा जवळजवळ नसते. तिथे दुसऱ्या पिकाचं मूळ गुदमरेल. भाताच्या मुळाला आतून पोकळ वाटा असतात. पानांकडून आलेली हवा त्यांतून टोकापर्यंत जाते आणि थोडी बाहेरही झिरपते. आपल्या तांबड्या मातीत लोह भरपूर. त्याला ही हवा लागली की ते मुळावर गंजासारखं बसतं. म्हणून जुनी मुळं तांबूस दिसतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मुळं काळी पडली आणि चिखलाला कुजक्या अंड्याचा वास आला, तर मात्र बांध फोडून थोडे दिवस पाणी काढून टाकावं. बेणणी करताना एक चूड उपटून ही परीक्षा कुणीही करावी. त्यासाठी शाळा शिकलेली असण्याची गरज नाही.

आता खताकडे येऊ. डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातशेती मांडली. तुसाची राख आणि पेंढा शेताला परत द्यायचा, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरावर लावणी करायची, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. वरून फेकलेला युरिया काही हवेत उडतो, काही पाण्याबरोबर वाहून जातो. खोल चिखलातलं खत मातीला धरून राहतं आणि मुळं त्याच्यापर्यंत पोचतात.

पद्धत चांगली आहे. पण हिशोब मांडा. या अंतराने एका गुंठ्यात सुमारे २५०० चुडं लागतात आणि ६०० च्या वर गोळ्या. प्रत्येक गोळीला बोट चिखलात घालावं लागतं. हे वाकणं कुणाचं?

माझ्या ओळखीच्या एका वाडीत यावर शिबिर झालं. बोलावणं गेलं सातबाऱ्यावर नाव असलेल्यांना. ज्यांनी लावणीची दोरी कधी धरली नव्हती, ते ऐकून आले. शेतात बायकांना एवढंच सांगितलं गेलं, 'यंदा दोरीने लावा.' का, ते कुणी सांगितलं नाही. गोळी खोल का घालायची हे ठाऊक नसेल, तर थकलेली बाई ती वरच सोडणार. मग वर तिलाच बोल.

दुसरीकडे नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा भात पद्धत आहे. तिच्यात चिखलणी नाही, लावणीही नाही. गादीवाफ्यावर बी टोकायचं आणि कापणीनंतर जुनी मुळं जमिनीतच कुजू द्यायची. त्याने माती भुसभुशीत राहते, गांडुळं वाढतात. आपली कंबर वाचेल, ही मोठीच गोष्ट. पण जी बाई लावणीच्या मजुरीवर पावसाळा काढते, तिने काय करायचं? आणि बेणणीऐवजी तणनाशक आलं, तर तो पंप कोण मारणार, हातमोजे घालून की उघड्या हाताने? नवी पद्धत नको, असं मी म्हणत नाही. ती ठरवताना आपल्याला विचारलं पाहिजे, एवढंच म्हणते.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, केंद्राने २००५ साली. समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ साली झाला. तरीही लावणीला 'बायकांचं काम' म्हणतात आणि मजुरी कमी देतात. चिखलात चुकलेलं बोट पीक घटवतं, मग न चुकणाऱ्या बोटाला कसब का म्हणू नये?

तेव्हा यंदा तीन गोष्टी करू या. शेतीचं शिबिर ठरलं की बायकांना बोलावल्याशिवाय ते होऊ द्यायचं नाही, आणि ते बांधावर, आपल्या सोयीच्या वेळी घ्यायला लावायचं. दोरी आणि गोळीचं काम असेल तर त्याची जास्त मजुरी आधी ठरवायची, आणि एकटीने नव्हे, वाडीने मिळून. आणि घरी गेल्यावर सातबारा काढून बघायचा, त्यावर आपलं नाव कुठे आहे का. नसेल तर पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या. तलाठ्याकडे अर्ज कसा करायचा, ते बसून मिळून लिहू.