अर्जावर सही कुणाची?
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



टाकलेली बाई, मारहाण सोसणारी बाई यांच्यासाठी आपण मोर्चे काढले. तीच बाई सत्तरीची झाली की आपल्या कामातून निसटते. तिचा प्रश्न मग 'घरातल्या मायेचा' होतो. मायेसाठी अर्ज कुठे करणार? म्हणून आज मी हक्कांबद्दलच बोलणार आहे.

पिंपरी, आकुर्डी, भोसरीकडे कामगाराची विधवा भेटते. ईपीएस-९५ चं किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये महिना १००० रुपये ठरलं. तेवढ्यात कुठल्या आश्रमाचा खर्च भागणार? चाकणकडे शेतकरी बाई भेटते. एमआयडीसीत जमीन गेली, मोबदला आला, बंगला झाला. सातबाऱ्यावर नाव होतं तेव्हा अंगठ्यासाठी तिला मानाने गाडीत बसवून नेलं. आता त्याच गाडीला आश्रमापर्यंत यायला सवड नसते.

आश्रमात दाखल करण्याचा अर्ज एकदा नीट वाचा. सही मुलाची, तीही 'पालक' म्हणून! शहाण्यासुरत्या बाईला पालक कशाला? तिला जायचं होतं का, हे कुणी विचारत नाही. पासबुक मुलाकडे, फोन कार्यालयात. रात्री उठवायला नको म्हणून चालत्याफिरत्या बाईलाही लंगोट बांधतात. ते बांधणारी मावशी आपल्याच वस्तीतली असते, बारा तासांच्या पाळीत एकटी. तिच्यावर ओरडून काही होणार नाही. तिच्या जोडीला दुसरी बाई द्या, ही मागणी आपणच केली पाहिजे.

आता कायदा. आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा २००७ चा. मुलगाच नव्हे, मुलगी आणि सज्ञान नातवंडंही त्यात येतात. महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. चाकणच्या बाईने खेडच्या प्रांतांकडे. ती येऊ शकत नसेल तर तिने अधिकार दिलेली संस्था अर्ज करू शकते, म्हणजे आपणही. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे.

कलम २३ लक्षात ठेवा. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करता येतं. पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुळात तशी अट असायला हवी. २०२५ च्या एका निकालात न्यायालयाने थोडं उदार धोरण घेतलं, तरी त्यावर विसंबू नका. सहीआधीच अट लिहून घ्या.

एक सावधगिरी. सुनेला घराबाहेर काढायलाही हा कायदा वापरला जातो, कधी मुलगाच आईला पुढे करतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दिलेला सुनेचा निवाऱ्याचा हक्क असा डावलता येत नाही, असं २०२० मध्ये एस. वनिता खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं. सासूचा अर्ज घेताना सुनेशीही बोला. दोघी आपल्याच.

तुमच्या वस्तीतून आश्रमात गेलेल्या एका तरी बाईला या महिन्यात भेटून या. पासबुक कुणाकडे, औषधं कसली, कुणाला भेटावंसं वाटतं, हे तिलाच विचारा. 'मुलाची परवानगी नाही' असं कार्यालयाने सांगितलं, तर ते लेखी मागा.