गच्चीवरचा डबा
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी बँकेतला माणूस, मुदत पाळतो. पण मुदतवाढीचा अर्ज कसा करायचा हेही मला माहीत आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

विषय आपल्या गच्चीवरच्या डब्याचा. नव्याने राहायला आलेल्यांना तो टाकीजवळचा पांढरा पाईप म्हणजे प्लंबर विसरून गेलेला तुकडा वाटतो. एका भाडेकरूंनी त्यात तुळस लावायची परवानगी मागितली होती. तर तो पाईप म्हणजे आपलं पर्जन्यमापक आहे, आणि २००१ च्या जूनपासून त्याची रोजची नोंद माझ्याकडच्या रजिस्टरात आहे. तुम्हा सगळ्यांची मिळून ती नोंद आहे, कारण मी गावाला गेलो की कोणी ना कोणी वर चढून रीडिंग घेतलेलं आहे. रजिस्टरात सतरा जणांची अक्षरं आहेत. मी मोजली.

सुरुवात झाली ती भांडणातून. पहिल्याच पावसाळ्यात वरच्या मजल्याला गळती लागली. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, यंदा पाऊसच जास्त पडला, त्याला मी काय करणार? मी विचारलं, जास्त म्हणजे किती? त्याला सांगता येईना, आणि खरं तर मलाही येईना. हिशेबाच्या माणसाला ते लागलं. पुढच्या जूनला मी घरातला सरळ उभ्या बाजूंचा स्टीलचा डबा गच्चीवर नेऊन ठेवला आणि मुलाची फूटपट्टी घेतली. सौ. आजही म्हणते की तो तिचा रव्याचा डबा होता. डबा सरळ बाजूंचा असला की तोंड लहान की मोठं याने फरक पडत नाही, पाण्याची उंची तेवढीच येते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आपली गच्ची चार हजार चौरस फुटांची. दिवसाला १०० मिलिमीटर पडला तर तिच्यावर सदतीस हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे पावणेचार टँकर. एप्रिल-मे महिन्यांत आपण टँकरसाठी किती फोन करतो ते आठवा. पण तो विषय पुढच्या जनरल बॉडीत.

दोन वर्षांनी पुन्हा गळती झाली तेव्हा कॉन्ट्रॅक्टरसमोर रजिस्टर ठेवलं. पाऊस आदल्या वर्षापेक्षा कमी होता. त्याने निमूटपणे वॉटरप्रूफिंग पुन्हा करून दिलं.

वेळेची शिस्त मला लावली ती आपल्या भूगोलाच्या बाईंनी. मी रात्री झोपताना मोजायचो. बाई म्हणाल्या, असं नाही चालणार, हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जे पडलं ते आजच्या तारखेला मांडायचं. मी म्हटलं, बाई, बँकेतसुद्धा इतकं कडक नसतं. पण त्यांचंच खरं होतं. तुमचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून बघायचा असेल तर दोघांचा दिवस एकच हवा. डबा टाकीपासून लांब सरकवायलाही त्यांनीच लावला, टाकीच्या आडोशाने तिरका पाऊस अडतो म्हणून. आणि ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ च्या पुढे अत्यंत जोरदार, ही यादी बाईंच्या अक्षरात रजिस्टराच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली आहे.

गमतीही पुष्कळ झाल्या. मार्च महिन्यात एकदा १८ मिलिमीटरची नोंद आहे. शेजारी शेरा: ‘रंग लाल. रंगपंचमी.’ ए-विंगच्या आजोबांचं पंचांग आणि माझा डबा यांची तर कायमची स्पर्धा. नक्षत्राचं वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असलं की आजोबा आदल्या दिवशी जिन्यात मला गाठून सांगायचे, ‘रिकामा करून ठेवा हो डबा.’ तरणा पाऊस, म्हातारा पाऊस हे शब्द शहरात वाढलेल्या मुलांना त्यांच्याकडून कळले. मृग ७-८ जूनला लागतं आणि हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत पावसाची सरासरी तारीख ११ जून, म्हणजे दोघांत फार अंतर नाही, हे आजोबा अभिमानाने सांगत. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत आला, तोवरच्या नोंदीतला सर्वांत लवकरचा. वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या कुरडया भिजल्या. आजोबा असते तर काय म्हणाले असते, असं त्या दिवशी मनात आलं.

आता २००५. त्या २६ जुलैला मी मुंबईतल्या शाखेत होतो. रात्र काउंटरमागे खुर्चीवर काढली, दोन दिवसांनी घरी पोचलो. बातम्यांत सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर आकडा ऐकला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. घरी आल्यावर आधी रजिस्टर उघडलं, हे सांगायला लाज वाटते, पण उघडलं. २७ जुलैच्या रकान्यात सौ.च्या अक्षरात लिहिलं होतं: ‘डबा भरून वाहत होता. मोजता आलं नाही. तळमजल्यावर पाणी. सगळे वर आहेत.’ डबा वीस सेंटिमीटर उंच, म्हणजे २०० मिलिमीटरला काठोकाठ. पुढचं सगळं वाहून गेलं. प्लंबरकडून अर्ध्या मीटरचा पाईप एका बाजूने बंद करून घेतला तो त्यानंतर. आणि कमिटीने मीटर वरच्या लँडिंगवर नेले.

आता जे सांगणार आहे ते मी यापूर्वी असं सगळ्यांसमोर बोललेलो नाही. ज्यांच्याबद्दल आहे त्या मावशी समोर बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेतली आहे.

२०१९ चा २६ जुलै. संध्याकाळपासून जोर होता. रात्री साडेदहाला मी बॅटरी आणि छत्री घेऊन गच्चीवर गेलो. पाईपात सव्वाशेच्या आत पाणी होतं. खाली उतरलो तर तळमजल्यावरच्या मावशी दारात उभ्या. शिवणकामाचं मशीन, गिऱ्हाइकांची कापडं वर न्यावीत का, असं विचारत होत्या. श्रावण तोंडावर आला होता, मंगळागौरीची आणि गणपतीची शिवणं घरात. मी काय म्हणालो? ‘मावशी, निवांत झोपा. २००५ ला दोनशेच्या वर गेला तेव्हा पाणी आलं होतं. आज सव्वाशेही नाही. रजिस्टर सांगतंय.’

मावशी झोपल्या. बँकेतला साहेब, वीस वर्षांचं रजिस्टर, कोण विश्वास ठेवणार नाही?

पहाटे तीनच्या सुमारास वॉचमनने आरडाओरडा केला तेव्हा पाणी त्यांच्या पलंगाला लागलं होतं. मावशींना आणि नातीला जिन्याने वर घेतलं. मशीन पाण्याखाली, कापडं चिखलात. त्याच रात्री मुंबईहून सुटलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस आपल्या बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकून पडली होती. दुसऱ्या दिवशी त्यातल्या हजारभर प्रवाशांना बाहेर काढलं, हेलिकॉप्टर फिरत होती, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. आमच्या जिन्यात मात्र मी मावशींच्या नजरेला नजर देऊ शकत नव्हतो.

गिऱ्हाइकांची भरपाई त्यांनी स्वतःच्या पैशांतून केली. मी पाकीट घेऊन गेलो, ते घेतलं नाही. बोलल्याही काही नाहीत. आठवड्याने चिखल काढून झाल्यावर फक्त एवढंच विचारलं: ‘साहेब, पाणी काय आपल्या गच्चीवरून आलं होतं का?’

मी रात्रभर त्या वाक्यावर विचार केला. किती साधी गोष्ट! पाणी आलं ते उल्हास नदीतून. ही नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, नेरळ करत आपल्याकडे येते आणि पुढे कल्याणकडे जाते. घाटात आणि माथेरानच्या डोंगरांवर धो धो कोसळला की ते पाणी काही तासांनी आपल्या दाराशी. आपल्या गच्चीवर तेव्हा किती पडलं याला मग फारसा अर्थ राहत नाही. वर २००५ चा ‘दोनशे’ हा आकडा तर पावसाचा नव्हताच, तो माझ्या डब्याच्या उंचीचा होता! त्या दिवशी खरा पाऊस किती झाला हे रजिस्टराला माहीतच नव्हतं, आणि मी त्याच्या जोरावर लोकांना झोपायला सांगत होतो. अकाउंटला एकच चुकीची एंट्री असावी आणि तिच्यावर वीस वर्षांचं व्याज लावत बसावं, तसं.

मग आपण माणसं जोडली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचं माहेर कर्जतचं. नेरळहून लोकलने भाजी आणणाऱ्या मावशी. वांगणीला बी-विंगमधल्या सरांचे जुने विद्यार्थी. या सगळ्यांना सांगितलं की पावसाचे मिलिमीटर नकोत, नदी कुठे लागली आहे तेवढं कळवा. पुलाला लागली, रस्त्यावर आली, मंदिराच्या पायरीला आली, एवढं पुरे. शिवाय आपल्याकडची धोक्याची पातळी १७.५० मीटर, ती बातमी कोणाला आधी मिळाली तर त्याने लगेच सगळ्यांना सांगायचं. रेड अलर्ट आला की सावध राहायचंच, पण ठाणे जिल्हा शहापूरच्या डोंगरापासून भाईंदरच्या खाडीपर्यंत पसरलेला. अलर्ट जिल्ह्याला असतो, आपल्या जिन्याला नसतो.

वादळांनीही त्याच सुमारास परीक्षा घेतली. ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं. लॉकडाउन होता, तरी तोंडाला मास्क लावून तरुण मंडळींनी गच्चीवरचे पत्रे दोरांनी बांधले, कुंड्या उतरवल्या. पुढच्या वर्षी १७ मेला तौक्ते समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, पण जाता जाता सी-विंगच्या इंजिनीअर मुलाचं आपोआप मोजणारं यंत्र घेऊन गेलं. ते अजून सापडलेलं नाही. तो मुलगा प्रामाणिक, त्याने आधीच सांगितलं होतं की त्यातली छोटी वाटी भरून उलटते तेव्हा मोजणी होते, आणि फार जोराचा पाऊस असला की ती थोडं कमी मोजते. पाईप आहे तिथेच आहे, हे मी त्याला रोज ऐकवतो.

२०२१ ची आषाढी एकादशी झाली, आणि दुसऱ्या रात्री, २१ जुलैला, पाईपात शंभरही नव्हते. साडेअकराला कर्जतहून फोन आला: ‘रस्त्यावर पाणी आलंय, तुम्ही हला.’ या वेळी मी गच्चीवर गेलोच नाही. घंटा वाजवली. दीड तासात तळमजल्याची चारही घरं वर आली. मावशींचं मशीन, नवं घेतलेलं, आमच्या दिवाणखान्यात आलं, गॅस सिलिंडर जिन्यात, नातीची दप्तरं सौ.च्या देवघरात. पहाटे पाणी आलं, खालच्या खोल्यांत गुडघाभर. भिंती ओल्या झाल्या, दुसरं काही गेलं नाही. मावशींनी सकाळी आमच्याकडेच चहा केला आणि बसून दोन ब्लाउज पुरे केले.

त्यानंतर एकदा अशीच धावपळ केली आणि पाणी गेटापर्यंत येऊन परत गेलं. काही मंडळी कुरकुरली की साहेब उगाच रात्री उठवतात, कपाटं उचलून कंबर गेली. त्यांची तक्रार रास्त आहे. पुढच्या वेळीही मी उठवणार आहे.

एक दुरुस्ती राहिली होती, ती या समारंभाच्या आदल्या दिवशी केली. २७ जुलै २००५ च्या रकान्यात मी मागाहून पेन्सिलीने ‘२०० +’ लिहिलं होतं. ते खोडलं. सौ.चं ‘मोजता आलं नाही’ तेवढं ठेवलं आहे.

आता कामाचं. मी पंच्याहत्तरीला आलो, आपल्याकडे लिफ्ट नाही आणि माझे गुडघे चौथा मजला नको म्हणतात. पुढच्या १ जूनपासून रीडिंगला दोन माणसं हवी आहेत, एक आठवड्याच्या दिवसांसाठी, एक शनिवार-रविवारसाठी. मावशींच्या नातीने रविवार घेतला आहे. दुसरं नाव सेक्रेटरींकडे द्या. गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते. रीडिंग डोळ्यासमोर पट्टी धरून घ्यायचं, वरून वाकून नाही. आणि साडेआठ म्हणजे साडेआठ, नाहीतर बाई रागावतील.