वय विचारा, नाव नको

दोस्तांनो, मी गोदीतला कामगार. मॅट्रिक झालो नि हूक हातात घेतला. गेटपास म्हंजे काय, ते मला कुणी शिकवू नये. पास दाखवला तर पाळी, नाहीतर रस्ता. म्हणून आज इंग्लंडच्या कायद्यावर बोलतो.

तिथं 2023 साली ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट झाला. 25 जुलै 2025 पासून इंटरनेटवर नागड्या फिल्मा दाखवणाऱ्या धंद्याला गिऱ्हाइकाचं वय तपासावं लागतं. 'मी अठरा वर्षांचा' म्हणून नुसतं बटण दाबलं, ते आता चालत नाही. ओळखपत्राचा फोटो द्या, क्रेडिट कार्ड द्या, नाहीतर कॅमेऱ्यापुढं तोंड धरा. यंत्र वय अंदाजतं. न ऐकणाऱ्या कंपनीला 1 कोटी 80 लाख पौंड किंवा जगभरच्या उलाढालीच्या 10 टक्के, यातलं जे मोठं तिथवर दंड. अमेरिकेत टेक्सासनंही 2023 मध्ये असाच कायदा केला. 27 जून 2025 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं 6 विरुद्ध 3 मतांनी तो उचलून धरला.

पोरं वाचलीच पाहिजेत. दहा वर्षांच्या पोराच्या हाती बाईला तुडवणारी फिल्म पडावी, याला मी स्वातंत्र्य म्हणत नाही. पोरांच्या डोळ्यांवर पैसा करणाऱ्या धंद्याला वेसण घालाच.

पण पास कुणाच्या हाती जातो, ते बघा. डिस्कॉर्ड हे गप्पांचं ॲप. ऑक्टोबर 2025 मध्ये त्या कंपनीनं सांगितलं, वयाच्या तक्रारी तपासणाऱ्या बाहेरच्या कंत्राटदाराकडून सुमारे 70,000 माणसांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो बाहेर गेले असावेत. कंत्राटदार! हा शब्द आपल्याला नवा नाही. माल फुटला की मालक त्याच्याकडं बोट दाखवतो.

कार्डावर वय एका ओळीत असतं. बाकीच्या ओळींत नाव, बाप, पत्ता. विचारायची एक ओळ, घेतात सगळं कार्ड. कागदावरचं नाव काय करतं, ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक? आडनाव वाचलं की रिकामी खोली भरलेली होते. आणि ज्याच्याकडं कागदच नाही, तो तर दारातच मेला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. वय तपासा. 'अठराच्या वर, होय की नाही' एवढंच धंद्याला कळू द्या. तपासून झालं की कागद फाडा. जो साठवील, त्याला दंड करा.

गेटवर रोज आमची झडती होते, दोस्तांनो. एकदा गेटवाल्याचीही होऊ द्या.